बोराईच्या गाडीची पेटी

शहादेवला ज्यांनी फसवलं ते माझे सख्खे आजोबा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको की तुला एवढं कसं माहीत. आमच्या घरात ही गोष्ट कधी कुणी मोठ्यानं बोललं नाही. अर्धी मला आजीकडून कळली, अर्धी खुद्द शहादेवकडून, तीही मी तिशी ओलांडून पाटोद्याच्या शाळेत मास्तर झाल्यावर. त्याच्या ओट्यावर बसून ऐकताना मला अनेकदा उठून जावंसं वाटलं. गेलो नाही, कारण तो माझ्यावर चिडत नव्हता. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

राज्य निझामाचं होतं. फसली सन तेराशे तिशीच्या आगेमागे. आमचं गाव पाटोद्यापासून तीन कोसांवर, आणि गावाची देवी बोराई मात्र गावात नाही, सात कोसांवर, घाट उतरून, एका बोरीखाली. तिथं देवळाला दार नाही, आत नुसता शेंदराचा तांदळा, म्हणजे बिनचेहऱ्याचा दगड. म्हणून तिचा चांदीचा मुखवटा वर्षभर पाटलाच्या घरी, म्हणजे आमच्या देवघरात राहायचा. चैत्री पौर्णिमेच्या जत्रेला तो न्यायचा, तांदळ्यावर चढवायचा आणि तीन दिवसांनी परत आणायचा. नेण्याचा मान शहादेवच्या घराचा, त्याच्या आजापासून. मुखवटा हिरव्या खणात गुंडाळायचा, ज्वारीनं भरलेल्या पाटीत ठेवायचा, पाटी गाडीवानाच्या मांडीशी. आणि मुखवटा तांदळ्यावर चढेपर्यंत गाडीवानानं अन्नाला शिवायचं नाही. एवढीच काय ती रखवाली. साठ वर्षं त्या पाटीला झाकण नव्हतं की कुलूप नव्हतं, आणि एकदाही काही झालं नाही.

शहादेव धंद्यानं गाडीवान. थोडी जमीन होती, पण जीव गाडीत. व्यापाऱ्यांचा कापूस, किराणा, कुणाची बाळंतीण, कुणाचं दुखणाईत माणूस, जे असेल ते पोचवायचा. माणूस भारी चिकित्सक. निघायच्या आधी चाकाचे आरे एकेक हलवून बघायचा, आसाला वंगण स्वतःच्या हातानं लावायचा, आणि त्याच्या जुवावर कुणी पाय ठेवला तर दिवसभर त्याच्याशी बोलायचा नाही. गावातले लोक म्हणायचे, शहादेव बायकोला एकदा विसरेल, वंगणाच्या नळीला नाही. त्याची बायको वच्छलाबाई हे ऐकून म्हणायची, "इसरला तर बरंच हाय की, तेवढीच वटवट कमी."

त्या वर्षी माघात घाटात एका सोनाराची गाडी लुटली. गाव घाबरलं. चावडीवर बैठक बसली आणि माझे आजोबा भगवानराव पाटील म्हणाले, की मुखवटा आता पाटीतून न्यायचा नाही. गाडीला भक्कम पेटी बसवायची, खर्च गावकीतून. "पेटी शादेवच निवडील," ते म्हणाले. "गाडी त्याची, वाट त्याच्या पायाखालची. त्याच्याइतकं कुणाला कळतंय?"

चारचौघांत पाटलानं असं म्हणावं, याचं शहादेवला किती वाटलं असेल! मला सांगतानासुद्धा, एवढं सगळं होऊन गेल्यावर, त्या वाक्यापाशी त्याचा चेहरा क्षणभर उजळला होता. मला तेव्हाच आजोबांचा राग आला.

त्यानं पेटी निवडली ती लेकीला स्थळ बघावं तशी. आधी पाटोद्याच्या बाजारात पत्र्याची ट्रंक बघितली. निळी, वर गुलाबाची फुलं काढलेली. दुकानदार कुलपाची तारीफ करत राहिला. शहादेवनं कुलपाकडं बघितलंच नाही. ट्रंक फिरवली, कनवटीचा खिळा काढला आणि बिजागरीच्या कांडीवर दगडानं दोन ठोके दिले. कांडी खाली पडली, झाकण मागच्या बाजूनं उघडलं आणि कुलूप पुढं लटकत राहिलं. "कुलूप लई भारी हाय शेटजी," तो म्हणाला. "चोराला तेवढं पुढनंच यायला सांगा."

मग कुणी सांगितलं म्हणून वडवणीला गेला. तिथल्या एका सावकाराला जुनी लोखंडी तिजोरी काढायची होती. चौघांनी उचलायची ती. शहादेव तिच्याभोवती दोनदा फिरला आणि हात जोडले. चढाला ती मागं सरकली तर गाडी उलाळ होणार, जू वर उठणार, बैलांच्या गळ्याला फास बसणार. आणि एवढी मोठी तिजोरी गाडीवर दिसली की ज्याच्या मनात नाही त्याच्याही मनात येणार. "चोराला आवतण देऊन बलवायचं आन मंग कुलूप लावायचं, ही कोणती रीत?" असं त्यानं मला विचारलं होतं.

शेवटी बीडला, कारंज्याजवळच्या एका बोळात, कुलपं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडं त्याला हवी ती पेटी सापडली. सरकारी लिलावातून आलेली, सागवानी, दोन बोटं जाडीची, चहूकडून लोखंडी पट्ट्या. बिजागऱ्या आतून. कुलूप पेटीच्या पोटातच, बाहेर नुसतं चावीचं भोक. आणि तळाला चार भोकं, गाडीच्या फळ्यांतून बोल्ट घालून नट आतून आवळायला. म्हणजे झाकण उघडल्याशिवाय पेटी गाडीपासून सुटायची नाही, आणि गाडी मोडल्याशिवाय झाकण लावलेली पेटी कुणाच्या हाती लागायची नाही. शहादेव तिच्याशेजारी मांडी घालून बसला. बोटांनी पट्टी न् पट्टी चाचपली, फटीत नख घालून बघितलं, पालथी करून हुंगलीसुद्धा, कीड लागलेल्या सागाला वास येतो म्हणून.

म्हातारा हे सगळं बघत होता. तो म्हणाला, "पेटी बाद में देख. पैले ये बोल, चाबी किसके पास रहनेवाली?"

"मेरे पास," शहादेव म्हणाला. "और किसके पास?"

म्हातारा हसला आणि दोन चाव्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. शहादेवही हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला माणसाची पारख आहे.

गावच्या सुतारानं पेटी बसवली ती गाडीवानाच्या बैठकीखालीच, शहादेवच्या सांगण्यावरून. पेटी उघडायची तर आधी शहादेवला उठवावं लागणार. आजोबा बघायला आले. वाकून, ठोकून बघितली, म्हणाले, "शाब्बास. आता जरा बाजारातनं फिरवून आण. लोकांना बघू दे आपल्या देवीची गाडी." शहादेव पाटोद्याच्या बाजाराला गेला. लोक जमले. ज्यानं विचारलं त्याला त्यानं पेटी समजावून सांगितली, पट्ट्या कशा, बोल्ट कसे, जत्रेला मुखवटा तिच्यातून कसा जाणार. पुढच्या आठवड्यात आजोबांनी त्याला पुन्हा पाठवलं. तेव्हाही तो गेला.

शहादेवच्या शेजारी बंकट राहायचा. दोघं एका वयाचे, बारशापासूनचे सोबती. एकाच्या घरी कोरड्यास चांगलं झालं तर वाटी भिंतीवरून दुसऱ्याकडं जायची. दरवर्षी देवीच्या गाडीबरोबर काठी घेऊन बंकट चालायचा. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो लंगडत आला. म्हणाला, पाय मुरगळलाय, या खेपेला तुझं तूच जा. शहादेवनं त्याच्या घोट्याला स्वतः तेल चोळून दिलं. जाताना बंकट वच्छलाबाईला म्हणाला, "वैनी, तुमचा वरवंटा द्या जरा. पाटलाच्या घरी मसाला वाटायचाय, त्यांचा फुटलाय म्हनं." तिनं दिला. एका टोकाचा टवका उडालेला, चांगला जड, काळा वरवंटा. तिच्या सासूच्या हातचा.

सकाळी गाडी आमच्या दारात लागली. दरवर्षी शहादेव आंघोळ करून ओल्या धोतरानं देवघरात जायचा आणि खणात गुंडाळलेला मुखवटा स्वतः उचलून आणायचा. या वर्षी आजोबा स्वतः गाठोडं घेऊन बाहेर आले. हिरवा खण, वर कुंकू. पेटीत ठेवलं, झाकण लावलं, शहादेवकडून घेतलेली चावी फिरवली. शहादेवनं पेटीवर डोकं टेकलं. मग आजोबांनी हात पुढं केला.

"दुसरी चावी दे, शादेव."

"ती माझ्याकडं राहू द्या की, पाटील. वाटंत काई झालं तर?"

"वाटंत उघडायची कशाला? एक माझ्याकडं, एक तिकडं गुरवाकडं. देवीच्या कामात माणसानं मधी येऊ न्हाई."

शहादेवनं करगोट्याची गाठ सोडली आणि चावी दिली. साठ वर्षं त्याच्या घराण्याच्या मांडीला मांडी लावून देवी गेली, तेव्हा कुणाला तो माणूस मधे येतो असं वाटलं नव्हतं. त्यानं कासरा उचलला. घरापुढं गाडी थांबली, वच्छलाबाईनं चाकांवर पाणी घातलं आणि विचारलं, "चावी नीट ठिवलीत न्हवं?" तो म्हणाला, "हाय, नीट हाय." बायकोशी आपण खोटं का बोललो ते त्याला घाट लागेपर्यंत कळत नव्हतं. मग कळलं की त्याला लाज वाटली होती.

भर दुपारी, घाट उतरल्यावर ओढ्यात, चौघे आडवे आले. तोंडाला फडकी. एकानं बैलांची वेसण धरली. त्यांनी इकडंतिकडं काही बघितलं नाही, सरळ म्हणाले, "पेटीवरनं ऊठ. चावी टाक."

"चावी न्हाई माझ्याकडं."

"पेटी तुझी आन चावी तुझ्याकडं न्हाई व्हय बे? कुणाला सांगतो?"

त्यांचंही बरोबर होतं. असला गाडीवान त्यांनी कधी बघितला नसणार. म्हणून त्यांनी आधी चावीसाठी मारलं, आणि चावी खरंच नाही हे पटल्यावर पेटीसाठी मारलं. शहादेव पालथा पडून पेटीला मिठी मारून राहिला, दोन्ही हातांनी पट्ट्या धरून. सुटेना तेव्हा एकानं कुऱ्हाडीचा तुंबा, पात्याची मागची बोथट बाजू, उजव्या हातावर घातला. तीन बोटांचा चुरा झाला. मग त्यांनी पहार लावली. पहार पट्ट्यांवरून सटकत राहिली, बिजागऱ्या बाहेरून सापडेनात, बोल्ट हलेनात. शहादेव चिखलात पडून ते बघत होता आणि, त्यानं मला शपथेवर सांगितलं, हात तुटत असताना त्याच्या मनात एकच आलं, की पेटी आपण चांगली निवडली.

इतक्यात करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, दोन शिपाई घोड्यावरून आले आणि चौघे पळाले. शिपायांनी पटक्यानं त्याचा हात बांधला. पाटोद्याच्या शफाखान्यात, सरकारी दवाखान्यात, चल म्हणाले. तो म्हणाला, "आदी देवी." डाव्या हातानं कासरा धरून, उपाशी, रक्तानं भिजलेला, तो दिवस मावळताना बोरीखाली पोचला.

हलग्या वाजत होत्या. बाया ओव्या म्हणत होत्या. त्याला वाटलं, आपली वाट बघताहेत. तो गर्दीतून पुढं गेला आणि बघतो तर बोराई मुखवटा घालून बसलेली. चांदीचा, तोच, नाकाजवळ थोडा चेपलेला, डोळ्यांत लाखेचं काळं भरलेला.

मागं वळून त्यानं गाडीकडं बघितलं. पेटी बंद. पट्टी न् पट्टी जागेवर.

तुमच्या-माझ्यासारख्याला संशय आला असता. शहादेवच्या मनात संशयाला जागाच नव्हती. त्याला वाटलं, पोराला मारताहेत हे देवीला बघवलं नाही, ती बंद पेटीतून उठून आपल्या पायानं इथवर आली. तो धाडकन आडवा पडला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "आई, माझ्यासाटी चालत आलीस? सात कोस चालत आलीस?" मुखवटा चढताना लोकांनी बघितला नव्हता, गुरवानं पुढं पडदा धरला होता; आता त्यांनी शहादेवचा हात बघितला, बंद पेटी बघितली, आणि एकच गलका झाला. बायांच्या अंगात आलं. कुणी त्याच्या पायाची माती कपाळाला लावली. माझे आजोबा गाडी निघाल्यावर घोड्यावरून दुसऱ्या वाटेनं येऊन बसले होते. ते उठले, शहादेवच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शादेव, आईनं तुझी लाज राखली रे."

माझ्या आजोबांनी आयुष्यात इतर पापं केली असतील. मला हे एक ठाऊक आहे आणि ते पुरतं.

परतीच्या वाटेला शहादेवच्या हातात कासरा धरवत नव्हता. गाडी बंकटनं हाकली. मुरगळलेल्या पायाचा बंकट जत्रेत कसा, हे शहादेवनं विचारलं तर म्हणाला, "तुझं कळलं आन राहवलं न्हाई." शहादेव मागं गोधडीवर पडून होता, डोकं पेटीच्या बाजूला. खाचखळग्यात गाडी आदळली की पेटीत काहीतरी गडगडायचं आणि फळीवर थड्ड वाजायचं. मुखवटा तर अजून बोरीखाली होता. शहादेवनं कान दिला. पुन्हा थड्ड. आणि दर खेपेला पेटी वाजली की बंकट मोठ्यानं बैलांना हाकारायचा किंवा उगीच गाणं म्हणायचा. तीस वर्षांत बंकट कधी गायला नव्हता.

घरी आल्यावर चार दिवसांनी वच्छलाबाई भिंतीवरून म्हणाली, "भावजी, आमचा वरवंटा?" बंकट म्हणाला, "आणून देतो." आणला नाही. ती पुन्हा म्हणाली. तो म्हणाला, पाटलाकडंच राहिलाय. मग ती आमच्या घरी आली, तर माझी आजी तिला म्हणाली, "कसला वरवंटा? आमचा चांगला शाबूत हाय की." वच्छलाबाईनं घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं. शहादेव तेव्हा हाताला हळदीचा लेप लावून बसला होता. तो उठला, करवत घेतली आणि गोठ्यात गेला.

आजोबांकडं चावी मागायला तो गेला नाही. कुणीही न उघडावी म्हणून निवडलेली पेटी त्याला डाव्या हातानं उघडायची होती. वरून ती उघडणार नव्हती, बाजूनं उघडणार नव्हती. बैल सोडलेली गाडी त्यानं आणि वच्छलाबाईनं मिळून आडवी केली आणि तो खालून फळ्या कापायला बसला. आजाच्या वेळच्या गाडीच्या फळ्या. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी पेटीच्या तळाची सागवानी फळी चिरली आणि हिरव्या खणाचं गाठोडं खाली गवतात पडलं.

वच्छलाबाईनं ते सोडलं. आत तिचा वरवंटा होता. टवका उडालेल्या टोकाला कुंकू लावलेलं.

"आगं बया," ती म्हणाली, "हे तर बारशातल्यावानी नटवलंय."

आपल्याकडं बारशाला पाळण्यात आधी मूल घालत नाहीत. आधी वरवंट्याला कुंची घालतात, कुंकू लावतात, पाळण्याखालून-वरून फिरवतात, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, आणि तो पाळण्यात निजवतात. काही नजर-दोष असेल तो दगडावर जावा. मग खरं मूल. वच्छलाबाई सहज बोलून गेली होती. शहादेव मात्र त्या वरवंट्याकडं बघत गवतात बसून राहिला. बाजारातून दोनदा पेटी का फिरवायला लावली ते त्याला आता कळलं. चोरांना कसं ठाऊक होतं ते कळलं. चावी का नाही ते कळलं. आपण जिच्यासाठी तीन बोटं दिली ती देवी पेटीत नव्हतीच, आणि चालतही आली नव्हती.

त्या दुपारी भिंतीपाशी बंकट होता. शहादेवनं त्याला वरवंटा दाखवला. बंकटनं लगेच कबूल केलं. मुखवटा घोंगडीत बांधून, चार शेळ्या पुढं घालून, तो आडवाटेनं गेला होता. वरवंटा निवडलाही त्यानंच, कारण वजनानं तो मुखवट्याएवढा होता आणि गाडीवानाला वजनातला फरक कळतो.

"पाटील पाटलाच्या जागी," शहादेव म्हणाला. "पण तू कावून रे? म्या तुझ्या पायाला तेल चोळलं बे."

"मुखवटा गेला असता तर गाव काय म्हणलं असतं?" बंकट म्हणाला. "आन तुला सांगितलं असतं, तर दगडासाटी पडला असतास का पेटीवर? चोरांना एका घटकंत कळलं असतं."

शहादेव असा माणूस होता की भांडणातसुद्धा खरं उत्तर शोधायचा. मग म्हणाला, "पडलो असतो का न्हाई, म्हाईत न्हाई. इचारायचं तरी हुतंस."

त्यानंतर त्या भिंतीवरून वाटी गेली नाही.

चमत्कार मात्र पसरत गेला. बीडपासून, तेलगावपासून माणसं यायला लागली. आधी बोराईला जायची आणि मग शहादेवकडं. लेकरं पुढं करायची, म्हणायची, तो हात डोक्यावर ठेवा. शहादेव हात घोंगडीखाली लपवायचा. खरं सांगावं तर गाव हसणार, न सांगावं तर आपण खोट्यात सामील. आणि आजोबांची मान उंच होत चालली होती, कारण आता त्यांच्या देवघरातली देवी जागृत ठरली होती. दिवाळीनंतर त्यांनी निरोप धाडला, की गाडी दुरुस्त करून घे, पेटीही नवी बसवू, चैत्राला तुलाच जायचंय. शहादेवनं उत्तर धाडलं नाही.

माघात माझा जन्म झाला. घराण्यातला पहिला नातू. बाराव्या दिवशी बारसं. ओसरीवर गाव बसलेलं, आत बायकांनी पाळणा सजवलेला. आजोबा नवा फेटा बांधून लोडाला टेकले होते. शहादेव आला तेव्हा लोक बाजूला सरले, त्याच्या पाया पडायला दोघे-तिघे वाकलेसुद्धा. त्याच्या घोंगडीखाली काहीतरी होतं. तो थेट आजोबांपुढं गेला आणि हिरव्या खणाचं गाठोडं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

खण सगळ्यांनी ओळखला. देवीचा खण ओळखत नाही असं आमच्या गावात कुणी नव्हतं. शहादेवनं डाव्या हातानं गाठ सोडली. वाळलेलं कुंकू तसंच होतं.

"पेटीत हे निघालं, पाटील. माझ्याच घरचा हाय," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "पाळण्यात आदी ह्यो ठिवा. जे काय खायाचं ते ह्यो खाईल. तुमचं खरं मागनं येऊ द्या, सुखरूप. तुमची रीतच हाय ती."

आजोबांनी वरवंट्याकडं बघितलं, मग त्या हाताकडं. बंकट कोपऱ्यात होता, तो उठून निघून गेला. आतून बायका ओरडत होत्या, वरवंटा आणा, मुहूर्त टळतोय. शेवटी माझी आजी उंबऱ्यात आली. तिनं टवका उडालेलं टोक बघितलं आणि तिला वच्छलाबाईचं ते विचारणं आठवलं. नवऱ्याच्या मांडीवरून तिनं तो वरवंटा उचलला, कुणाकडं न बघता आत नेला आणि पाळण्यात निजवला. मग मला त्याच्या जागी घातलं. मी या जगात सुखरूप वाढलो तो असा.

शहादेव गूळखोबरं न घेता गेला. त्या चैत्रात मुखवटा पुन्हा ज्वारीच्या पाटीतून गेला, पण गाडी दुसऱ्या कुणाची होती. शहादेवनं गाडी पुन्हा बांधली नाही. मोडकी गाडी आणि तळ कापलेली पेटी गोठ्यात पडून राहिली, मी स्वतः बघितली आहे, कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या.

फक्त एक गोष्ट त्यानं सोडली नाही. दर चैत्राला, दुसऱ्याची गाडी गावातून निघाली की तो आंघोळ करून ओट्यावर बसायचा. मुखवटा चढल्याची खबर गावात येईपर्यंत अन्नाला शिवायचा नाही. कधी खबर दुसऱ्या दिवशी दुपारी यायची, तोवर तसाच. वच्छलाबाई भाकरी झाकून ठेवायची आणि चिडायची. "कावून उपाशी ऱ्हाता आता? मान गेला, गाडी गेली, हात गेला. कुणासाटी?"

तो म्हणायचा, "आगं, तिनं कुटं फसवलंय मला?"